घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवताय? जुनी-नवी पट्टी एकत्र लावण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. सल्ला बऱ्याचदा बरोबरच असतो. प्रश्न त्याच्या पुढचा असतो. आत आधीच एक पट्टी आहे, ४ किंवा ८ जीबीची, काही वर्षांपूर्वी घेतलेली. हुबेहूब तशीच आता दुकानात मिळत नाही. मग दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची पट्टी तिच्या शेजारी बसवली तर चालेल का? एक जण म्हणतो बिनधास्त लावा, दुसरा म्हणतो मदरबोर्ड जळेल.

नुसती वेगळ्या कंपनीची पट्टी लावल्याने मदरबोर्ड जळत नाही. वेगवेगळ्या रॅम एकत्र चालतात. मात्र सगळ्यांना त्यातल्या सर्वांत हळू पट्टीच्या चालीने चालावं लागतं, आणि जोडी खरोखर जमली आहे की नाही हे चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. स्क्रीनवर वाढलेला आकडा दिसला की बरेच जण तिथेच थांबतात. पुढे फायली खराब निघायला लागल्या, मध्येच निळी स्क्रीन यायला लागली, की दोष विंडोजला देतात.

सोलापुरातल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर टॉवेलच्या जेकार्ड डिझाइनचं काम चालतं. त्यात २४०० वेगाच्या, ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मी त्यांच्या जोडीला ३२००च्या ८ जीबीच्या दोन नव्या लावल्या. चारही पट्ट्या २४००ने चालतात आणि काम व्यवस्थित होतंय. ज्या क्रमाने हे केलं तोच क्रम खाली देतोय, म्हणजे तुम्हाला चार ठिकाणी चार उत्तरं ऐकत फिरावं लागणार नाही.

हाताशी काय हवं

- स्टार पेचकस, शक्यतो टोकाला चुंबक असलेला
- मऊ, कोरडा ब्रश (रंगकामाचा नवा ब्रशही चालतो)
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड
- ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, चाचणीसाठी
- मोबाइल, फोटो काढायला आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड पाडायला
- जुन्या कॉम्प्युटरचं किंवा जुन्या रॅमचं बिल, असेल तर
- महत्त्वाच्या फायलींची प्रत, दुसऱ्या डिस्कवर

१. रॅमच कमी पडतेय ना, हे आधी बघा

तुमचं रोजचं काम उघडा. ब्राउझरच्या नेहमीच्या खिडक्या, टॅली, फोटोचं सॉफ्टवेअर, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा.

वापर सतत ८० टक्क्यांच्या वर असेल आणि आणखी एखादं सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर सगळं अडखळत असेल, तर रॅम कमी आहे. वापर निम्म्यावरच असेल आणि तरीही कॉम्प्युटर रखडत असेल, तर त्याच यादीत डिस्ककडे बघा. ती वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पैसे आधी एसएसडीवर (चिपांवर चालणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) घाला. अशा कॉम्प्युटरला एसएसडीने जो फरक पडतो तो १६ जीबी रॅम टाकूनही पडत नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून जोरात चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला इतकी मागणी आली की चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी माल तिकडे वळवला. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशिअल या नावाने चालणारा आपला घरगुती ग्राहकांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत गरज नसताना रॅम घेणं परवडणारं नाही. आणि जुनी, चांगली चालणारी पट्टी टाकून देणंही नाही.

आणखी एक: विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम लावून उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथे ते लिहिलेलं असतं.

२. आत काय आहे याची नोंद करा

टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली तीन गोष्टी दिसतात: वेग, किती स्लॉट (पट्टी बसवायच्या जागा) वापरात आहेत आणि पट्टीचा आकार. डेस्कटॉपला डीआयएमएम आणि लॅपटॉपला एसओडीआयएमएम असं लिहिलेलं असतं.

एवढ्याने भागत नाही, म्हणून सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवून घ्या. त्यातलं एसपीडीचं पान प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची कुंडलीच मांडतं: कंपनी, मॉडेल क्रमांक, रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा गट), ती कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनली, आणि कोणत्या वेगाला कोणते टायमिंग (पट्टी प्रतिसाद द्यायला किती थांबते त्याचे आकडे). मेनबोर्डच्या पानावर मदरबोर्डचं नाव मिळेल. दोन्ही पानांचे फोटो काढून ठेवा.

आता मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डचं पान उघडून एकूण किती रॅम चालते आणि एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त कितीची पट्टी चालते, हे बघा. आपल्याकडे अजूनही घरोघरी चालू असलेल्या एच६१ बोर्डवर दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी, असा हिशेब आहे. त्याहून जुना जी४१ असेल तर विशेष सावध राहा. त्याला डीडीआर३ची (डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या) ४ जीबीची पट्टी लागते ती १६ चिपांची, दोन्ही बाजूंनी भरलेली. आठच चिपांची ४ जीबीची पट्टी तो नीट ओळखत नाही.

कोणत्या प्रोसेसरला कोणती रॅम, हे मोटामोटी असं आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत घरगुती बोर्डवर डीडीआर३. सहाव्या पिढीपासून मुख्यतः डीडीआर४. बाराव्या ते चौदाव्या पिढीत बोर्डनुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५, त्यामुळे प्रोसेसरच्या नावावरून अंदाज बांधू नका, बोर्डच बघा. एएमडीच्या एएम४ बोर्डवर डीडीआर४, एएम५वर फक्त डीडीआर५. या तिन्ही पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. जोर लावून बसवू नका.

३. पट्टीवरचं लेबल वाचायला शिका

या पायरीवर थोडा वेळ घाला, कारण दुकानात फसणं किंवा न फसणं इथेच ठरतं.

कॅबिनेट उघडून एक पट्टी बाहेर काढा (कशी काढायची ते सहाव्या पायरीत आहे) आणि तिच्यावरचा स्टिकर बघा. त्यावर साधारण असं काही छापलेलं असतं: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११. इंग्रजी अक्षरांची ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचा.

८जीबी म्हणजे क्षमता. १आर म्हणजे एक रँक, २आर म्हणजे दोन. एक्स८ हा चिपांचा प्रकार. पीसी४ म्हणजे डीडीआर४, ३२०० हा वेग, आणि एए म्हणजे टायमिंग २२-२२-२२. पुढचं यू हे अक्षर फार महत्त्वाचं: यू म्हणजे साध्या घरगुती डेस्कटॉपची पट्टी. तिथे एस असेल तर लॅपटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. काही लेबलांवर वेगाऐवजी पीसी४-२५६०० असं असतं. त्या आकड्याला ८ने भागलं की ३२०० येतात. तसंच पीसी४-२१३०० म्हणजे २६६६, आणि पीसी३-१२८०० म्हणजे डीडीआर३ची १६००.

गेमिंगच्या, वर धातूचं कवच असलेल्या पट्ट्यांवर वेगळी ओळ असते: ३२००, सीएल१६-१८-१८, १.३५ व्होल्ट अशी. हा वेग पट्टी आपोआप घेत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग) जाऊन एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू केल्यावर घेते. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर त्याच कामाच्या प्रोफाइलला एक्स्पो म्हणतात. ते चालू केलं नाही तर अशी पट्टी तिच्या साध्या, ठरावीक वेगानेच चालते. डीडीआर४ला साध्या वेगात १.२ व्होल्ट पुरतात.

आता चिपा मोजा. ८ जीबीच्या डीडीआर४ पट्टीवर आठ चिपा असतील तर ती एक्स८. चारच मोठ्या चिपा असतील तर ती एक्स१६. दोन्हींवर ८ जीबी लिहिलेलं असतं, दोन्हींवर ३२०० लिहिलेलं असतं, पण चार चिपांची पट्टी प्रत्यक्षात थोडी मंद असते. भाव सारखाच सांगत असतील तर आठ चिपांचीच घ्या.

४. काय कशासोबत चालतं, ते ठरवा

वेग वेगळा असेल तर: २४००ची पट्टी आणि ३२००ची पट्टी एकत्र लावली की दोन्ही २४००ने चालतात. नव्या पट्टीचे जादा पैसे मोजले तरी वेग जुनीचाच. तरीही नवीन घेताना २४००च शोधत बसू नका. ३२००ची सहज मिळते, खाली उतरून चालते, आणि पुढे जुनी काढलीत तर बोर्ड आणि प्रोसेसर झेपवतील तेवढा वेग देते.

क्षमता वेगळी असेल तर: ८ आणि १६ची पट्टी एकत्र चालते. इंटेलच्या बोर्डवर दोन्हींतले आठ-आठ जीबी जोडीने, म्हणजे ड्युअल चॅनलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटा, म्हणजे चॅनल, एकाच वेळी वापरून) चालतात आणि उरलेले ८ एकटे. आकडा २४ दिसेल, वेग मात्र सगळीकडे सारखा नसेल. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांनी दोन्ही बाजू समसमान ठेवायचा प्रयत्न करावा, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं आणि ड्युअल चॅनलचा सर्वांत जास्त फायदा त्यालाच होतो.

चार स्लॉट असतील तर: जुन्या सारख्या दोन पट्ट्या एकेका चॅनलवर एक, आणि नव्या दोन तशाच, एकेका चॅनलवर एक. आमच्याकडे प्रत्येक चॅनलवर ४ आणि ८ मिळून १२ जीबी आले. दोन्ही बाजू १२-१२, म्हणून पूर्ण २४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये. दोन्ही जुन्या एका चॅनलवर आणि दोन्ही नव्या दुसऱ्यावर लावल्या असत्या तर हा मेळ बिघडला असता.

एकाच मॉडेलची दोन किट घेतली तरी ती जुळतीलच असं नाही. कंपन्या तेच नाव, तोच मॉडेल क्रमांक ठेवून आतल्या चिपा बदलतात. या वर्षी सॅमसंगच्या, पुढच्या वर्षी हायनिक्सच्या किंवा मायक्रॉनच्या. किटच्या डब्यातल्या दोन पट्ट्या एकमेकींसोबत चालतील एवढीच हमी कंपनी देते. दोन वेगवेगळे डबे एकत्र चालतील अशी हमी कोणी देत नाही. त्यामुळे गेमिंगच्या वेगवान पट्ट्यांची सरमिसळ करून वर एक्सएमपीही चालू ठेवायची असेल, तर त्रास होण्याची तयारी ठेवा. साध्या वेगाला मात्र सरमिसळ बहुतेक वेळा जमते.

डीडीआर५वर माझा सल्ला वेगळा आहे: चार पट्ट्या लावूच नका. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरना एएमडीने दोन पट्ट्यांवर ५२००चा वेग अधिकृत दिला आहे. चार पट्ट्या लावल्या की तोच ३६००वर येतो. दोन स्लॉट मोकळे दिसले की भरावेसे वाटतात, पण तिथे जुन्या दोन विकून मोठ्या क्षमतेचं एकच किट घेणं जास्त शहाणपणाचं.

जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी: डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दिसायला सारख्याच असतात. पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५वर. बऱ्याच लॅपटॉपना १.३५चीच लागते. लेबलवर पीसी३एल असं आहे का ते बघा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. स्लॉटच नसेल तर हा विषय तिथेच संपतो, म्हणून विकत घेण्याआधी मॉडेलचं पान वाचा.

५. खरेदी

जुन्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत न्या. शक्य असेल तर पट्टीच न्या, खिशात सुटी टाकून नाही, कागदात नीट गुंडाळून. "आय-फाइव्हला चालणारी रॅम द्या" असं म्हणालात तर काउंटरवर जे असेल ते हातात पडेल. "डीडीआर४, डेस्कटॉपची, ८ जीबी, १आरएक्स८, ३२००, १.२ व्होल्ट" असं म्हणालात तर समोरचाही नीट शोधतो.

गावातच घ्यावी, असं माझं मत आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून आणली तर दोन पैसे वाचतीलही, पण सरमिसळीच्या खरेदीत बदलून घेण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा दुकान सोलापुरात असलेलं बरं. पैसे देण्याआधी एवढंच विचारा: "माझ्या जुन्या पट्टीसोबत चालली नाही तर किती दिवसांत बदलून द्याल?" आणि जे उत्तर येईल ते बिलावर लिहून घ्या.

बिल पक्कंच घ्या. "बिल नको असेल तर कमी करतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण १८ टक्के जीएसटी वाचवताना वॉरंटी हातची जाते. बिलावर पट्टीचा सिरियल क्रमांक आहे ना, तो पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळतो ना, हे तिथेच काउंटरवर बघा.

यात फसवणूक होते ती साधारण अशी:

- सर्व्हरची पट्टी. मोठी क्षमता, अगदी कमी भाव. घरगुती बोर्डवर ती चालूच होत नाही. लेबलवरचं आर हे अक्षर आणि मधोमध असलेली एक वेगळी चिप, या तिच्या खुणा.
- "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ पट्ट्या. इंटेलच्या बोर्डवर त्या चालत नाहीत.
- लेबल नसलेली किंवा वरून नवा स्टिकर चिकटवलेली जुनी पट्टी. घेतलीच तर सीपीयू-झेडमध्ये आतली माहिती आणि स्टिकर जुळतो का ते बघून घ्या.

६. बसवणं

आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू असेल तर बंद करा. मात्र त्याच्याही आधी, विंडोज ११ असेल तर डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली आहे का ते बघून तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती मिळते. बायोसमध्ये काही बदललं, की कधीकधी विंडोज चालू होताना तीच मागतं, आणि ती नसेल तर तुमच्याच फायली तुम्हाला उघडता येत नाहीत.

मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे कॉम्प्युटर अर्धवट झोपलेला राहत नाही. पॉवर सप्लायचं बटण बंद करा, वायर काढा. यूपीएसला जोडलेलं असेल तर तिथूनही काढा. आता कॅबिनेटचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते.

सोलापूरची हवा कोरडी. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत, स्वेटर काढताना चटचट होतं ते तुम्हाला माहीत आहे. तोच झटका चिपेला मारू शकतो. स्वेटर घालून बसू नका, रबरी चटईवर किंवा गालिच्यावर मांडामांड करू नका. साध्या लाकडी टेबलावर करा, आणि पट्टीला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला बोट टेकवा. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लागू देऊ नका.

आता कॅबिनेटच्या आत बघा. तुम्ही पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहत असाल, तर आत साधी धूळ नसते. सुताची बारीक तूस पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत आणि रॅमच्या रिकाम्या स्लॉटमध्ये अक्षरशः नमद्यासारखी बसलेली असते. आमच्या बोर्डवरचे दोन मोकळे स्लॉट तर वरून भरलेलेच दिसत होते. ही तूस तशीच ठेवून वर पट्टी दाबली तर दात टेकतच नाहीत. कोरड्या ब्रशने ती स्लॉटच्या लांबीच्या दिशेने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत काढा आणि चिमट्याऐवजी बोटांनी उचला. ब्लोअर वापरलात तर लांबून मारा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका.

जुन्या पट्टीचे सोनेरी दात काळपटले असतील तर कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बरेच कारागीर खोडरबर वापरतात. त्याने चमक येते, पण त्याचा चुरा पट्टीवर राहिला तर तो स्लॉटमध्ये जातो. मी अल्कोहोलच वापरा म्हणेन.

पट्टी काढताना दोन्ही टोकांचे खटके बाहेर ढकला, ती वर येते. काही बोर्डवर एकाच टोकाला खटका असतो. तिथे दुसरं टोक हळूच तिरकं करून काढा.

दोनच पट्ट्या असतील आणि स्लॉट चार असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बहुतेक बोर्डवर हीच जागा असते. बोर्डच्या पुस्तिकेत त्याचं चित्र असतं, ते बघून खात्री करा. चार पट्ट्या लावताना एक जोडी दुसऱ्या-चौथ्यात, दुसरी जोडी पहिल्या-तिसऱ्यात. खाच जुळवा, दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवा आणि सरळ खाली दाबा. खटका आपोआप आत येऊन "खट्" असा आवाज झाला पाहिजे. वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. नवी रॅम लावल्यावर कॉम्प्युटर चालू होत नाही याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे एक टोक अर्धवट बसलेलं असणं.

७. पहिल्यांदा चालू करताना

स्क्रीन लगेच आली नाही तर घाबरून बटण दाबू नका. बोर्ड नव्या पट्ट्यांचं गणित जुळवत असतो. डीडीआर४वर तो एक-दोनदा स्वतःच बंद होऊन चालू होईल. डीडीआर५वर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. चहा होईपर्यंत थांबा.

तरीही काहीच आलं नाही तर वीज काढून पट्ट्या पुन्हा बसवा. मग फक्त जुनी लावून बघा, नंतर त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी. प्रत्येक पट्टी एकटी चालते आणि एकत्र चालत नाहीत असं निघालं, तर वीज काढून बोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, काही मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं आणि नव्याने जुळवणी करतं. हे करण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवली आहे ना? दुकानदाराकडे जायचं झालंच तर या चाचण्या केलेल्या असल्या की बोलणं सोपं जातं.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा आणि वेग बघा. सीपीयू-झेडमध्ये चॅनलच्या ओळीत ड्युअल चॅनल लागल्याची खूण आहे का तेही बघा.

८. चाचणी, आणि ती दुपारची

ही पायरी टाळू नका, असं मी अगदी हात जोडून सांगतो. रॅममधला दोष बहुतेक वेळा ओरडून सांगत नाही. एखादा बिट चुकतो, फाइल सेव्ह होते आणि बिघाड त्या फाइलमध्ये कायमचा बसतो. लग्नाचे फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, हिशेबाच्या वह्या, सगळं याच रॅममधून जात असतं.

मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पेनड्राइव्हवर घाला. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. कॉम्प्युटर त्यावरून चालू करा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. चारही होऊ द्या. रॅम जास्त असेल तर कित्येक तास लागतात, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर त्यावर जोडा. महावितरणची वीज मध्येच गेली तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

लोक ही चाचणी रात्री लावून झोपतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त असतो. रॅमच्या पेशीतला विद्युतभार सतत गळत असतो आणि तो वरचेवर पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की ही गळती वाढते. म्हणून डीडीआर४ची चिप ८५ अंशांच्या वर गेली की हे भरणं दुप्पट वेळा करावं लागतं. रात्रीच्या गारव्यात पास झालेली जोडी दुपारी तीनला चुकू शकते. उन्हाळ्यात एक चाचणी रात्री आणि एक भर दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून घ्या. हिवाळ्यात रॅम लावली असेल तर मे महिन्यात पुन्हा एकदा घ्या.

चुका शून्यच हव्यात. एकच लाल ओळ आली, बाकी सगळं हिरवं आहे, तर चालेल का? नाही. प्रत्येक पट्टी एकटी तपासा. एखादी एकटीच चुकत असेल तर ती खराब आहे, बदलून घ्या. एकट्या पास आणि एकत्र नापास असतील तर बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणा, ३२००वरून २९३३, मग २६६६, आणि पुन्हा तपासा. त्यानेही चुका गेल्या नाहीत तर ती जोडी सोडून द्या. बिलावर लिहून घेतलेली मुदत आता कामाला येईल.

चाचणी पास झाल्यावर दोन-चार दिवस तुमचं सर्वांत जड काम करून बघा. मोठी झिप फाइल उघडताना चूक दाखवली, ब्राउझरची पानं आपोआप बंद पडायला लागली, निळ्या स्क्रीनवर मेमरी मॅनेजमेंट असे शब्द आले, तर संशय पहिला रॅमवर घ्या.

९. वेग वाढवायचा मोह

सगळं साध्या वेगावर स्थिर असेल तर घरगुती कामासाठी तिथेच थांबलेलं चांगलं. २४०० आणि ३२००मधला फरक टायपिंग, हिशेब, व्हिडिओ बघणं यात जाणवत नाही. गेम खेळत असाल आणि वाढवायचाच असेल, तर दोन्ही किटपैकी ज्याचा वेग कमी तोच आकडा धरा, टायमिंगही दोन्हींतले सैल, म्हणजे मोठ्या आकड्यांचे घ्या. बायोसमध्ये कमांड रेट २टी ठेवा. १.३५ व्होल्ट तेव्हाच द्या जेव्हा दोन्ही किटच्या लेबलवर १.३५ छापलेले आहेत. एक्सएमपीचं बटण दाबलं की बोर्ड एका पट्टीचं प्रोफाइल उचलून सगळ्यांना लावतो. साधी १.२ची पट्टी त्यात उगाच भरडली जाते. प्रत्येक बदलानंतर आठवी पायरी पुन्हा.

१०. बिल आणि जुन्या पट्ट्या

बिलाचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. दुकानाचं थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. पट्टीवरचा स्टिकर काढू नका, तो निघाला तर वॉरंटी नाकारली जाते. किट म्हणून घेतलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक बिघडली तरी कंपन्या सहसा दोन्ही मागतात, म्हणून किटमधली एक पट्टी मित्राला देऊ नका किंवा विकू नका. काढलेल्या जुन्या पट्ट्या चांगल्या असतील तर त्यांचीही मेमटेस्टची एक फेरी घ्या, निकालाच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि तो दाखवूनच विका. घेणाऱ्याला काय मिळतंय ते स्पष्ट कळतं आणि तुम्हाला भावही नीट येतो.